खोल्यांचे भाडे आणि मुलांची फी

पुणे-सोलापूर रस्त्यावर दौंडजवळ कुरकुंभ आहे. तिथे रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. अशा वसाहतींभोवतीच्या गावांत एक नवे पीक आले, कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्यांचे. त्याला पाऊस लागत नाही. म्हणून मुलांच्या कॉलेजच्या फीला तेच बरे वाटते.

पण मुंबई-पुण्याच्या जुन्या घरमालकांना विचारा. १९४७च्या कायद्याने तिथली जुनी भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधली गेली. पुढे १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, तशी फीही वाढली. जुने भाडे मात्र जागच्या जागीच राहिले.

३१ मार्च २००० पासून नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मान्य केली आणि लेखी, नोंदणीकृत कराराची सक्ती केली.

तात्पर्य एवढेच, की भाडे कारखान्यावर आणि कायद्यावर उभे असते, आणि दोन्ही आपल्या हाती नाहीत. तेव्हा करार नोंदवा आणि मूल पाचवीत असल्यापासून भाड्यातला काही हिस्सा बाजूला काढा. खोली रिकामी राहिली, तरी मुलीचे वर्ष वाया जाता कामा नये.