काजळाची एक डबी

१९७१ साली, बांगलादेशच्या लढ्याच्या दिवसांत, कलकत्ता-मुंबईला डोळ्यांची मोठी साथ आली. बंगालमध्ये तिला 'जय बांगला' म्हणू लागले. बिचाऱ्या निर्वासितांच्या माथी आजार मारला! खरं तर ती १९६९ सालीच आफ्रिकेतल्या घानात दिसली होती. माणूस चंद्रावर उतरला तो हाच काळ, म्हणून तिथे तिचं नाव 'अपोलो'. दोष होता विषाणूचा, आणि तो पसरतो हातांनी, रुमालांनी. नुसतं बघून नव्हे.

आमच्या रेवदंड्याच्या घरी काजळाची डबी एकच. आजी एकाच बोटाने ओळीने पाच नातवंडांना काजळ घालायची. एकाचे डोळे आले की आठवड्यात सगळ्यांचे. डबीचा संशय कुणालाच आला नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत हजारोंचे डोळे आले, तेव्हा मला ती डबी आठवली.

डोळे लाल, पाणी वाहतंय, खुपतंय, तर बहुधा विषाणू. एक-दोन आठवड्यांत उतरतो. सकाळी पिवळ्या पुवाने पापण्या चिकटल्या, तर जिवाणू असू शकतो. थेंब डॉक्टरांनीच द्यावेत. दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घात करतात. उकळून गार केलेलं पाणी आपल्या घरी असतंच. दर डोळ्याला वेगळा कापूस घेऊन पुसा. टॉवेल, उशी वेगळी. मध नको, काजळही नको.

उजेड सोसवेना, दुखतंय, अंधूक दिसतंय, किंवा तान्हं बाळ असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.