गीताचा पहिला स्वर

मैफलीतला एक अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या गाठी असेल. तंबोरे जुळतात, गवई षड्ज लावून क्षणभर थांबतो, आणि मग मंद्र निषादावरून रिषभाला हलकेच शिवून गंधारावर येतो. पुरते तीन स्वरही झाले नाहीत, तोच मागच्या रांगेतून कोणी तरी पुटपुटते, ‘यमन!’ येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. तंबोरा अखंड षड्ज घुमवीत असतो. पण यमनाची वाट मात्र निषादापासून सुरू होते. घर षड्जाचे, आणि उंबरठा निषादाचा! पुरिया घ्या, बिहाग घ्या, भीमपलास घ्या. तेथेही हाच प्रकार. ही रीत आली कोठून?

आपल्याकडे गीताच्या पहिल्या स्वराला स्वतंत्र नाव होते. ते म्हणजे ‘ग्रह’. भरताच्या नाट्यशास्त्रात जातिगायनाची दहा लक्षणे सांगितली आहेत आणि त्यांत ग्रहाची गणना सर्वांच्या आधी आहे. गीताचा प्राण असलेल्या ‘अंश’ स्वराशी त्याने या ग्रहाची गाठ बांधून टाकली. जाती एकंदर १८ आणि त्यांचे अंश मिळून ६३. नंदयंतीसारख्या जातीला एकटा पंचमच अंश. उलट षड्जमध्यमा जातीला सातही स्वर मोकळे. म्हणजे आरंभ कोठून करावा, हा गायकाच्या लहरीचा प्रश्न नव्हता; तो शास्त्राचा नियम होता.

हे त्या काळी शक्यही होते. चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजा वीणा वाजवीत बसलेला दिसतो. ती वीणा धनुष्याच्या आकाराची आहे. तिला आजच्या बीनेसारखे पडदे नाहीत. प्रत्येक स्वराला वेगळी तार. अशा वाद्यावर कोणत्याही तारेपासून निघावे आणि तिलाच प्रमुख मानावे, यात अडचण कसली?

पुढे तेराव्या शतकात हा विचार आपल्या महाराष्ट्रात नांदला. यादव राजा सिंघण याच्या पदरी देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, शार्ङ्गदेव होता. त्याचे आजोबा काश्मीराहून दक्षिणेत आले होते. त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, तेव्हा गीताच्या आरंभी जो स्वर ठेवावयाचा तो ग्रह, अशी व्याख्या केली, आणि रागांची लक्षणे देताना त्यांचे ग्रह, अंश व न्यासही नोंदविले.

मात्र पुढील शतकांत वाद्ये पालटली. वीणेवर पडदे बसले, गायनामागे तंबोऱ्याचा अखंड नाद आला आणि षड्ज कायमचा आधारस्वर झाला. सर्व स्वर त्याच्यापासून मोजले जाऊ लागल्यावर ग्रहाचे जुने शास्त्र ढिले पडले. विसाव्या शतकाच्या आरंभी पंडित भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीतपद्धति’ हा थोर ग्रंथ मराठीत लिहिला. त्यांच्या व्यवस्थेत मान मिळाला तो १० थाटांना आणि वादी-संवादींना. विखुरलेल्या विद्येला त्यांनी शिस्त लावली, हे ऋण मोठेच आहे. पण ग्रहाचे जुने आसन मात्र गेले.

मग ग्रह मेला काय? मला तसे वाटत नाही. मारवा, पुरिया आणि सोहनी यांचे उदाहरण पाहा. तिघांचा थाट एक, पंचम तिघांतही वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. कागदावर स्वर मांडले तर तिघे भाऊ ओळखू येऊ नयेत. पण पुरिया मंद्र निषादापासून उठून गंधारावर विसावतो. मारवा धैवत-रिषभांच्या आधाराने षड्जाला ताटकळत ठेवतो. सोहनी तार षड्जाभोवती वावरते. कोठून निघावे आणि कोठे थांबावे, एवढ्यावरच त्यांची ओळख टिकली आहे. पुरिया गाताना पंचमाची तार निषादात मिळविण्याची चाल आहे. पोथीने सोडलेला नियम असा तंबोऱ्याच्या तारेने जपून ठेवला.

हा नियम शिष्याला पाठांतराने येत नाही. यमनाची पाटी ‘सा रे ग’ अशी सरळ वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वर चुकत नाहीत, पण यमन चुकतो. गुरू त्याला थांबवितो, आणि शब्दाने काही न सांगता निषाद लावून दाखवितो. अठरा जाती आज कोणी गात नाही, परंतु त्यांच्यामागची जाण त्या एका निषादातून पुढल्या पिढीकडे जाते. ही देवघेव खंडित झाली, तर ग्रंथ शाबूत राहूनही राग हरवतील.

म्हणून श्रोत्यांकडे माझे मागणे फार थोडे आहे. मैफलीला उशिरा जाऊ नका. तान चुकली तर दुसरी ऐकावयास मिळेल. पण पहिला स्वर एकदाच लागतो, आणि रागाचे दार तेथेच उघडते.