उशाशी बसणारी कमी

‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन पुष्कळांना ठाऊक असतो. त्याला जगविणारी बाई क्वचितच कोणाला.

तो १८५० साली एडिंबरोला जन्मला. वडील दीपगृहे बांधणारे. पोर छातीचे अधू, रात्ररात्र खोके. आईची प्रकृतीही बेताचीच. उशाशी बसे ती दाई ॲलिसन कनिंगहॅम, घरातली ‘कमी’. ती त्याला उचलून खिडकीशी नेई, दूरचे दिवे दाखवी. तिथेही एखादे आजारी मूल व त्याची दाई सकाळची वाट पाहत असतील, असे दोघे एकमेकांना सांगत. माझ्या थोरल्याच्या दम्यात मी अशा रात्री काढल्या आहेत. हे वाचताना पुढचे अक्षर दिसेना.

मोठेपणी तो फ्रान्सचे डोंगर गाढवीण घेऊन हिंडला, अमेरिकेला गेला, १८९० त सामोआ बेटावर राहिला. तिथले लोक त्याला ‘टुसिटाला’, गोष्टी सांगणारा, म्हणत. १८९४ त तो गेला, अवघ्या ४४ व्या वर्षी. त्या लोकांनीच त्याला डोंगरमाथ्यावर नेले.

मुलांच्या कवितांचे पुस्तक १८८५ त निघाले, ते त्याने कमीला अर्पण केले. आईला काय वाटले असेल, हे मनात आलेच! कमी १९१३ पर्यंत जगली.