प्रवचनाखालच्या सह्या

कॅरिबियन समुद्राच्या काठी, डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सांतो दोमिंगो या राजधानीत, एका व्रतस्थाचा सुमारे १५ मीटर उंचीचा पुतळा उभा आहे. मुखाशी हात नेऊन तो मोठ्याने हाक घालतो आहे. मेक्सिको देशाने १९८२ साली भेट दिलेला हा पुतळा दोमिनिकन संघाचे फादर आंतोनियो मोंतेसिनोस यांचा आहे. १५११ सालच्या आगमनकाळात त्यांनी केलेले एक प्रवचन इतिहासात अमर झाले. त्या पुतळ्याचे छायाचित्र आम्ही प्रथम पाहिले, तेव्हा आमच्या मनात आले की, शिल्पकाराला एकाच माणसाचे मुख घडवता येते. पण ते प्रवचन एकट्याचे नव्हतेच. त्यामागची हकिगत आम्हा धर्मगुरूंना आणि सभेत चार शब्द बोलणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

सेमिनरीत प्रवचनशास्त्राच्या तासाला आम्हाला संत ऑगस्टिन यांचे सूत्र शिकवले गेले. वक्त्याने शिकवावे, रिझवावे आणि श्रोत्याचे मन हलवावे, असे ते सूत्र. त्यांनी ते रोमन वक्ता सिसेरो याच्याकडून घेतले होते. तरुण वयात आम्ही त्यातल्या तिसऱ्या क्रियापदावरच भाळलो. आवाजाचा चढउतार, हातांची हालचाल, योग्य जागी विराम, यांचा सराव आम्ही आरशासमोर उभे राहून केला. वक्त्याच्या भाषाशैलीपेक्षा त्याच्या जीवनाचे वजन अधिक असते, असेही ऑगस्टिन यांनी त्याच ग्रंथात सांगून ठेवले आहे. ते मात्र आम्हाला फार उशिरा उमगले.

ऐकण्याचे पंधरा महिने

१४९२ साली कोलंबस त्या बेटांवर पोहोचला. पुढील दोन दशकांत हिस्पानिओला बेटावर स्पॅनिश वसाहत पक्की झाली. तेथील मूळ रहिवासी तायनो लोक. राजाच्या नावाने हे लोक गटागटाने वसाहतवाल्यांच्या हाती सोपवले जात. वसाहतवाल्याने त्यांना ख्रिस्ती धर्माचे शिक्षण द्यावे आणि त्यांनी त्याच्यासाठी श्रम करावेत, अशी ही 'एंकोमियेंदा' नावाची व्यवस्था होती. शिक्षण बहुधा कागदावरच राहिले. सोन्याच्या खाणीत आणि शेतांत माणसे उपासमारीने, रोगराईने आणि अतिश्रमाने मरू लागली.

१५१० च्या सप्टेंबरात दोमिनिकन संघाची पहिली तुकडी तेथे उतरली. प्रमुख फादर पेद्रो दे कोर्दोबा यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. एका गवताने शाकारलेल्या घरात ते राहू लागले. आल्या आल्या त्यांनी आरोळी ठोकली नाही. सुमारे पंधरा महिने त्यांनी पाहिले, विचारले आणि ऐकले. त्यांना सर्वांत मोठा पुरावा मिळाला तो एका गुन्हेगाराच्या तोंडून. हुआन गार्सेस नावाच्या स्पॅनिश माणसाने स्वतःच्या पत्नीची हत्या केली होती आणि शिक्षेच्या भीतीने तो काही वर्षे डोंगरात दडून राहिला होता. पश्चात्तापाने पोळून तो या मठाच्या दारी आला आणि संघात सेवक-बंधू झाला. तायनोंवर झालेले जे अत्याचार त्याने स्वतः पाहिले होते, ते त्याने सविस्तर सांगितले. गोष्ट आतल्या माणसाने सांगितली होती आणि ती सांगून त्याला काही मिळवायचे नव्हते.

ऐकलेल्या वस्तुस्थितीला त्यांनी कायद्याची आणि धर्मशास्त्राची कसोटी लावली. असे वागण्याचा अधिकार या लोकांना दिला कोणी, हा प्रश्न आपसात कित्येक वेळा चर्चिला गेला. उपवास, जागरण आणि प्रार्थना झाल्यावर प्रवचन लिहून काढण्यात आले आणि त्या कागदावर सर्वांनी आपापल्या सह्या केल्या. आमच्या मते या साऱ्या कथेतला हाच सर्वांत मोठा क्षण आहे. वक्ता कोण, हा प्रश्न त्यानंतरचा. मोंतेसिनोस यांची वाणी प्रखर होती, म्हणून प्रमुखांनी त्यांना आज्ञा केली.

तारीखही विचारपूर्वक निवडली गेली. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारी, २१ डिसेंबर १५११ रोजी, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची साक्ष वाचली जाणार होती. आपण कोण, असे विचारले असता योहानाने आपली ओळख केवळ अरण्यातील एक आवाज अशी करून दिली, तो हा उतारा. गव्हर्नर दिएगो कोलंबस, म्हणजे कोलंबसाचा मुलगा, तसेच राजाचे अधिकारी आणि कायदेपंडित यांना भेटून आग्रहाचे निमंत्रण देण्यात आले. विषय सर्वांच्या हिताचा आहे, एवढेच सांगण्यात आले.

दोन रविवार

गवती छपराच्या त्या चर्चमध्ये मोंतेसिनोस यांनी फार तत्त्वज्ञान सांगितले नाही. तुम्ही सर्व जण प्राणघातक पापात आहात, असे सांगून त्यांनी प्रश्नांची सरबत्ती केली. कोणत्या अधिकाराने या लोकांना गुलामीत ठेवले? कोणत्या हक्काने त्यांच्याशी युद्ध मांडले? त्यांना पोटभर अन्न का नाही, आजारात औषधोपचार का नाहीत? त्यांना धर्मशिक्षण कोण देतो? ती माणसे नाहीत काय, त्यांना आत्मा नाही काय? यातला धर्मशिक्षणाचा प्रश्न विशेष ध्यानात घ्यावा. ज्या अटीवर हे लोक वसाहतवाल्यांच्या हाती आले होते, तीच अट त्यांना पाळता आली नव्हती. त्यांच्याच करारावर बोट ठेवल्यामुळे उत्तर प्रत्येकाला स्वतःच्या मनात द्यावे लागले.

प्रवचन संपवून मोंतेसिनोस ताठ मानेने मठात परतले. त्या दिवशी त्यांच्या पानात बिनतेलाचे कोबीचे पातळ कालवण होते. जेवणे झाल्यावर नगरातील बडी मंडळी मठावर चालून आली. तेव्हा फादर पेद्रो यांनी शांतपणे सांगितले की, हे प्रवचन एकट्याचे नसून आम्हा सर्वांचे आहे. माघार घ्या, नाहीतर सामान बांधून स्पेनला चालते व्हा, अशी धमकी मिळाली. त्यावर, त्यात आम्हाला फारशी अडचण नाही, असे ते म्हणाले. त्यांचे सारे सामान दोन पेट्यांत मावण्याजोगे होते.

पुढील रविवारी माघारीचे शब्द ऐकायला चर्च तुडुंब भरले. मोंतेसिनोस यांनी ईयोबाच्या ग्रंथातील वचन घेतले आणि मागील विषय पुन्हा मुळापासून मांडला, अधिक पुराव्यानिशी. यापुढे वाटमाऱ्याला जशी पापक्षमा देता येत नाही, तशी तुम्हालाही देणार नाही आणि हवे त्याला खुशाल कळवा, असेही त्यांनी बजावले.

परिणाम किती?

आता वाचक विचारतील, इतक्या तयारीने किती माणसांचे मन वळले? हे सर्व ज्यांच्या लेखणीमुळे आपल्यापर्यंत आले, त्या बार्तोलोमे दे लास कासास यांनी त्याचा प्रांजळ हिशेब दिला आहे. काही थक्क झाले, काही अधिकच कठोर बनले, काहींना थोडी टोचणी लागली. पण परिवर्तन कोणाचेही झाले नाही. मार्च १५१२ मध्ये राजा फर्डिनांड यानेही प्रवचनाचा निषेध करणारे पत्र धाडले.

वसाहतवाल्यांनी आपली बाजू मांडण्यासाठी फ्रान्सिस्कन संघाचे फादर आलोन्सो दे एस्पिनाल यांना स्पेनला पाठवले. मोंतेसिनोसही गेले. राजाच्या दाराशी त्यांना अडवले जात असे. एके दिवशी ते आत घुसले आणि अत्याचारांची लेखी यादीच त्यांनी राजापुढे वाचली. राजा हादरला. पुढे बुर्गोस शहरात मोंतेसिनोस यांनी फादर एस्पिनाल यांना मठाच्या दाराशी गाठले आणि एकांतात बोलून त्यांचेच मन वळवले. व्यासपीठावरून जे साधले नाही, ते दारातल्या संभाषणाने साधले.

२७ डिसेंबर १५१२ रोजी बुर्गोसचे ३५ कायदे जाहीर झाले. खाणीतील पाच महिन्यांच्या कामानंतर ४० दिवसांची विश्रांती, अन्न, निवारा अशी कलमे त्यांत होती. परंतु एंकोमियेंदा कायम राहिली, अंमलबजावणी दुबळी ठरली आणि काही दशकांतच तायनो समाज उद्ध्वस्त झाला. हे कटू सत्य आम्ही झाकू इच्छित नाही.

तरीही बी पेरले गेले होते. लास कासास स्वतः धर्मगुरू असूनही एंकोमियेंदाचे धनी होते. त्याच कारणाने एका दोमिनिकन धर्मगुरूने त्यांना पापक्षमा नाकारली. तेव्हा त्यांनी वाद घातला. पुढे १५१४ साली क्यूबात पवित्र आत्म्याच्या सणाच्या प्रवचनाची तयारी करताना, गरिबांना लुबाडून केलेल्या अर्पणाविषयीचा सिराख ग्रंथातील ३४ वा अध्याय त्यांच्या वाचनात आला. दुसऱ्यांसाठी प्रवचन शोधता शोधता ते स्वतःच सापडले. त्यांनी आपल्या ताब्यातील लोकांवरचा हक्क सोडला आणि १५ ऑगस्ट रोजी प्रवचनात तसे जाहीर केले. १५६६ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी याच कार्याला वाहून घेतले.

आमचा हिशेब

एके वर्षी कामगारांच्या वेतनावर आम्ही तावातावाने प्रवचन केले. मिस्सानंतर एक वयस्कर धर्मग्रामस्थ आमच्याजवळ आले आणि नम्रपणे म्हणाले, "फादर, आपल्या सभागृहाच्या कामावर बाया येतात, त्यांना रोज किती मिळतो?" आम्ही निरुत्तर झालो. शास्त्रवचने आमच्याजवळ होती, परिपत्रकांतील विचारही होते. फक्त अंगणातील वस्तुस्थिती नव्हती. दुसऱ्या दिवशी आम्ही ठेकेदाराला विचारले. मिळालेला आकडा आम्ही येथे लिहीत नाही, कारण अजून लाज वाटते. धर्मग्राम परिषदेपुढे तो ठेवला, वाद झाला, आणि रोज वाढवून देण्याचा ठराव झाला. त्यानंतर त्या विषयावर आम्ही बोललो ते जेमतेम पाच मिनिटे, आणि लोकांनी ते ऐकून घेतले.

तेव्हापासून शनिवारी रात्री प्रवचन लिहून झाले की आम्ही कागदाच्या तळाशी थोडी जागा कोरी ठेवतो. यावर आपण सही करू काय, आणि धर्मग्रामातील आणखी कोण करील, असे स्वतःला विचारतो. काही वेळा उत्तर येत नाही. मग तो कागद बाजूला ठेवून पुन्हा विचारपूस करायला निघावे लागते.