टर्बो का बसतो?

सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवायचे आणि त्याच शाफ्टवरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात जादा हवा कोंबायची, या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली घेतले. टर्बो आधी जहाजांवर आला, मग ट्रकमध्ये. १९६२ मध्ये जनरल मोटर्सने तो मोटारींना बसवला. पुण्यात तयार झालेली टाटा सफारी १९९८ मध्ये टर्बो डिझेल घेऊनच आली.

मी या इतिहासात शिरलो तो माझ्या जुन्या गाडीपायी. जिंतूरहून परभणीला येताना पिकअप गेला, मागे निळा धूर. गॅरेजवाल्याने टर्बो बदलला. कापसाचे पैसे त्यात गेले. दोन महिन्यांत नवाही बसला. दुसऱ्या मिस्त्रीने ऑइलची बारीक नळी सोडून दाखवली, आत काजळी घट्ट. मिनिटाला लाखावर फेरे घेणारा शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. ऑइल पोहोचले नाही की बेअरिंग गेलेच.

काळा धूर आणि फुसफुस असेल तर आधी फाटलेला होजपाइप, धुळीने गच्च एअर फिल्टर पाहावा. निळा धूर आणि ऑइल घटत असेल तर गाडी दामटू नये. गळणारे ऑइल जाळत डिझेल इंजिन चावी काढूनही पळत राहू शकते. लांबून आल्यावर मिनिटभर गाडी चालू ठेवायची जुन्या ड्रायव्हरांची सवय याच काजळीवरचा उपाय होता. मला तो दोन टर्बोंनंतर कळला.