आरसी विमानासाठी ईएससी घेताय? फक्त '३० अँपिअर' बघून ऑर्डर करू नका!

यूट्यूबवर थर्माकोल आणि फोम शीटचं विमान बनवण्याचे व्हिडिओ पाहून अनेक जण आरसी विमानाच्या नादी लागतात. फोम तालुक्याच्या गावी मिळतो, पण मोटर, बॅटरी आणि ईएससी मात्र ऑनलाइनच मागवावे लागतात. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात शेजारी हॉबी शॉप नसतं. चुकीचा पार्ट आला तर तो बदलून येईपर्यंत विमान तसंच पडून राहतं. त्यापेक्षा वाईट म्हणजे तो पार्ट हवेत जळतो. म्हणून ऑर्डर करण्याआधी थोडा हिशेब करून घेतलेला बरा.

ईएससी म्हणजे नेमकं काय?

ईएससी म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. बॅटरीतून येतो डीसी करंट, पण ब्रशलेस मोटरला तीन वायरींमधून आळीपाळीने करंट द्यावा लागतो. ही अदलाबदल ईएससीमधले मॉसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा करतात. तुम्ही रिमोटची थ्रॉटल स्टिक वर केली की रिसीव्हर ईएससीला सिग्नल देतो आणि मोटरचा वेग वाढतो.

किती अँपिअरचा घ्यायचा?

बरेच जण इथेच फसतात. ईएससी मोटरमध्ये करंट ढकलत नाही, मोटर आणि पंखा मिळून तो ओढतात. ३० अँपिअर म्हणजे ईएससीची सहन करण्याची मर्यादा. त्यामुळे मोठा ईएससी लावल्याने मोटर जळत नाही, फक्त वजन आणि किंमत वाढते. लहान लावला तर मात्र तोच जळतो.

एक उदाहरण घेऊ. २२१२ साइजची १००० केव्हीची मोटर, ३ सेलची लिपो बॅटरी आणि १० इंची पंखा. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला किती फेरे. म्हणजे ११.१ व्होल्टवर पंख्याशिवाय सुमारे ११,१०० फेरे. पंखा लावून फुल थ्रॉटलला मोटर १५ अँपिअर ओढते असं धरा. त्यात २५ टक्के जादा मिळवले की झाले जवळपास १९. मग २० अँपिअरचा ईएससी जेमतेम पुरेल, ३० चा निर्धास्त चालेल.

आता त्याच मोटरला आणि त्याच पंख्याला २ सेलऐवजी ३ सेलची बॅटरी जोडली, तर करंट दीडपट नाही, दुपटीच्या आसपास जातो. कारण वेग वाढला की पंख्यावरचा भार त्याहून झपाट्याने वाढतो. पंखा मोठा केला तरी तेच होतं. म्हणून बॅटरी किंवा पंखा बदलला की हिशेब पुन्हा करायचा. अंदाजापेक्षा वॉटमीटर चांगला. विमान घट्ट बांधून, पंख्याच्या रेषेत कुणी नाही हे पाहून, फुल थ्रॉटलला काही सेकंद करंट मोजा.

बीईसी: सगळ्यात दुर्लक्षित भाग

बहुतेक विमानांच्या ईएससीमध्ये बीईसी असतं. ते मुख्य बॅटरीचा व्होल्टेज ५ व्होल्टपर्यंत उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होला वीज देतं. मोटर बंद पडली तर विमान तरंगत खाली उतरवता येतं. पण बीईसी बंद पडलं तर रिसीव्हरच मरतो आणि विमान कुणाच्याच ताब्यात राहत नाही. ते शेतात पडेल की कुणाच्या डोक्यावर, हे सांगता येत नाही.

बीईसीचे दोन प्रकार आहेत. लिनियर बीईसी उरलेला व्होल्टेज उष्णतेत घालवतं. पूर्ण चार्ज ३ सेल बॅटरी म्हणजे १२.६ व्होल्ट. सर्व्होंनी १ अँपिअर घेतला तर साडेसात वॉटहून जास्त उष्णता त्या छोट्याशा पट्टीवर तयार होते. स्विचिंग बीईसी यापेक्षा खूप कमी तापतं. ४ किंवा त्याहून जास्त सेलची बॅटरी असेल, किंवा सर्व्हो जास्त असतील, तर स्विचिंग बीईसीच घ्या. पार्टवर 'ऑप्टो' लिहिलं असेल तर त्यात बीईसी नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं.

ड्रोनचा ईएससी विमानाला चालतो का?

मोटर फिरेल, पण जपून. ड्रोनसाठीच्या बऱ्याच ईएससीमध्ये बीईसी नसतं आणि बॅटरी उतरल्यावर मोटर कमी करणारा कटऑफही नसतो. विमानात लिपो बॅटरी दर सेल ३ व्होल्टच्या खाली गेली की खराब होते. विमानासाठी एकदम मोटर बंद करणारा नव्हे, हळूहळू पॉवर कमी करणारा कटऑफ निवडा. साध्या पंख्याला ब्रेक बंद ठेवा, मिटणारा पंखा असलेल्या ग्लायडरला चालू.

बीडचं ऊन आणि ईएससी

एप्रिल-मे महिन्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. फोमच्या बंद डब्यात ठेवलेल्या ईएससीला तेव्हा थंड व्हायला वावच नसतो. म्हणून हवा आत यायला समोर आणि बाहेर जायला मागे भोक ठेवा. मागचं भोक मोठं हवं. वायर लांब करायची असेल तर मोटरकडची करा. बॅटरीकडची वायर लांबवली की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ईएससीमधले कपॅसिटर खराब होतात.

पहिल्या उड्डाणाआधी

- पंखा काढूनच थ्रॉटल कॅलिब्रेशन करा.
- लाल-काळी वायर दोनदा तपासा. उलटी जोडली तर ईएससी त्याच क्षणी जातो.
- बॅटरीची क्षमता तपासा. २२०० एमएएच, २५ सी म्हणजे कागदावर ५५ अँपिअर, पण स्वस्त बॅटरीवरच्या आकड्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका.
- फुगलेली लिपो वापरू नका. कडब्याच्या गंजीजवळ किंवा घरात एकटी चार्जिंगला सोडू नका.
- ड्रोन नियम २०२१ आरसी मॉडेललाही लागू होतात. डिजिटल स्काय पोर्टलवर आपला भाग कोणत्या झोनमध्ये येतो ते पाहा आणि नोंदणीचे नियमही तपासून घ्या. ग्रीन झोनमध्येही उंचीची मर्यादा ४०० फूट आहे. विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवा.

थोडक्यात, आधी पंखा आणि बॅटरी ठरवा, मग करंट मोजा, त्यात २० ते ३० टक्के जादा धरा आणि शेवटी बीईसी तपासा. या क्रमाने गेलात तर पार्सल परत करायची वेळ सहसा येणार नाही.