पोटमाळा
पोटमाळा : खोलीची जमीन व छत यांच्या दरम्यान सामान ठेवण्यासाठी वा झोपण्यासाठी घातलेला अर्धा मजला. जुन्या वाड्यांत (पहा : वाडा) पोटमाळ्यावर धान्य, सरपण व क्वचित लागणारी मोठी भांडी ठेवत. मुंबईच्या चाळींत (पहा : चाळ) एकाच खोलीत स्वयंपाक, मोरी व निजणे सामावताना त्याचे महत्त्व वाढले; १९२० च्या दशकातील मुंबई विकास विभागाच्या (बीडीडी) चाळींतील खोली सुमारे १६० चौ. फुटांचीच होती. लाकडी वाशांवर किंवा लोखंडी तुळयांवर फळ्या टाकून तो करतात; चढण्यास उभी शिडी असते. घराच्या फेररचनेत तो मोरी व ओट्यावर घेतल्यास बसण्याच्या जागेची उंची अबाधित राहते. मात्र धूर व उष्णता वर साठत असल्याने झरोका अत्यावश्यक. भार भिंतींवर येत असल्यास त्यांची आधी तपासणी करावी लागते. आजच्या कमी उंचीच्या सदनिकांत मात्र न्हाणीघरावरचा माळाच उरला आहे.